किंगडोमिनो: मांडणी, मोजणी आणि हमखास होणाऱ्या चुका

सोंगटी

दोन ते चार जणांनी पंधरा-वीस मिनिटांत उरकावा असा हा खेळ आहे. ब्रुनो कॅथाला या फ्रेंच रचनाकाराचा, २०१६ चा. २०१७ साली त्याला जर्मनीचा 'श्पील डेस यारेस' पुरस्कार मिळाला. नियम दोन पानांत मावतात, म्हणूनच बहुतेक घरांत ते कोणीतरी तोंडी सांगतं आणि सांगता सांगता एखादा गळतो. मग मुकुट कोणी कसे मोजायचे यावरून शेवटी वादावादी. नियम एका जागी असावेत म्हणून हा धागा. डावपेचांबद्दल प्रतिसादांत बोलूच.

पेटीतलं सामान: ४८ डॉमिनो, प्रत्येकाच्या एका बाजूला १ ते ४८ पैकी एक आकडा आणि दुसऱ्या बाजूला जमिनीची दोन घरं. चार रंगांचे प्रत्येकी दोन असे आठ लाकडी राजे. चार सुरुवातीची चौकोनी घरं आणि त्यांवर उभ्या करायच्या पुठ्ठ्याच्या चार गढ्या. जमीन सहा प्रकारची: गहू, जंगल, पाणी, कुरण, दलदल, खाण. काही घरांवर एक, दोन किंवा तीन मुकुट असतात.

मांडणी खेळाडूंच्या संख्येप्रमाणे बदलते:
चौघे असतील तर सगळे ४८ डॉमिनो, प्रत्येकी एक राजा, रांग चारची.
तिघे असतील तर १२ डॉमिनो न बघता बाजूला, उरले ३६. प्रत्येकी एक राजा, रांग तीनची.
दोघे असतील तर २४ बाजूला, उरले २४. प्रत्येकी दोन राजे, रांग चारची.

कसंही खेळा, प्रत्येकाच्या वाट्याला १२ डॉमिनोच येतात. १२ डॉमिनो म्हणजे २४ घरं, अधिक गढीचं एक, एकूण २५. म्हणून प्रत्येकाचं राज्य पाच बाय पाचच्या चौकोनात बसवायचं.

रांग लावताना डॉमिनो आकड्याच्या बाजूने वर ठेवून चढत्या क्रमाने लावायचे, लहान आकडा वरच्या टोकाला, आणि मग उलटायचे. पहिल्या रांगेसाठी सगळे राजे मुठीत घेऊन हलवायचे, एकेक काढायचा. ज्याचा राजा निघेल त्याने हवा त्या डॉमिनोवर ठेवायचा. रांग भरली की शेजारी दुसरी रांग उघडायची.

इथून पुढे प्रत्येक पाळीत दोनच कामं. जुन्या रांगेत ज्याचा राजा सगळ्यात वर, म्हणजे लहान आकड्यावर, तो आधी खेळतो. त्याने आपला डॉमिनो उचलून राज्यात लावायचा आणि मग राजा नव्या रांगेतल्या मोकळ्या डॉमिनोवर ठेवायचा. या क्रमातच खेळाचा जीव आहे. भारी डॉमिनोंचे आकडे मोठे असतात. तो उचललात की पुढच्या वेळी निवडायला तुम्ही मागे.

मोजणी: एकाच प्रकारच्या सलग घरांचा एक पट्टा. पट्ट्यातली घरं गुणिले पट्ट्यातले मुकुट. मुकुट नसेल तर पट्टा दहा घरांचा असला तरी शून्य. एकाच प्रकारचे दोन वेगळे पट्टे असतील तर दोन्ही वेगवेगळे मोजायचे.

लिंबूटिंबू

छान धागा. काही शंका आहेत.

१) डॉमिनो लावताना दोन्ही घरं शेजाऱ्यांशी जुळावी लागतात का? आमच्यात एक भिडू तसंच म्हणतो, त्यामुळे निम्मे डॉमिनो फुकट जातात.
२) गढी मधोमधच हवी ना? पेटीवरच्या चित्रात तर मधोमध दिसते.
३) एखादा डॉमिनो लावून नुकसानच होणार असेल तर लावायचा नाही असं चालतं का?
४) गढीच्या डावीकडे जंगल, उजवीकडेही जंगल. हा एक पट्टा धरायचा का दोन?

अडीच घरं

क्रमाने घेतो.

१) नाही. डॉमिनोच्या दोनपैकी एका घराची एक कड तरी त्याच प्रकारच्या घराला किंवा गढीला लागली की पुरे. बाकी कडांना काहीही असो. कुरण-दलदलीचा डॉमिनो कुरणाला कुरण लावून बसवला आणि त्यातली दलदल गव्हाच्या शेजारी आली, तरी चालतं. फक्त कड म्हणजे कडच. कोपऱ्याला कोपरा लागला तर तो जोड धरत नाहीत, लावतानाही नाही आणि मोजतानाही नाही. तुमचा भिडू म्हणतो तसं खेळलात तर निम्म्या डावात सगळ्यांची राज्यं अडकून पडतील.

२) गढी कुठेही येऊ शकते, अगदी कोपऱ्यातसुद्धा. पाच बाय पाचचा चौकोन आधी आखलेला नसतो. डॉमिनो लागत जातात तसा तो ठरत जातो. आडव्या दिशेने डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत पाच घरं झाली की त्या बाजू बंद. उभ्याचंही तसंच.

३) नाही. लावता येत असेल तर लावावाच लागतो. कुठेच नियमाने बसत नसेल तरच बाद. बाद झालेल्याचे गुण नाहीत आणि तो परत येतही नाही. 'मला नको' म्हणणं म्हणजे रडीचा डाव.

४) दोन. गढीला कुठलीही जमीन चिकटते, पण गढी स्वतः कुठल्याच जमिनीत धरत नाहीत. तिच्यावरून पट्टा जोडला जात नाही. ही चूक मोजणीत फार होते आणि तिने निकालच फिरतो. समजा डावीकडे ४ घरं १ मुकुट आणि उजवीकडे ३ घरं २ मुकुट. वेगळे धरले तर ४ आणि ६ मिळून १०. एकत्र धरले तर ७ गुणिले ३, म्हणजे २१. अकरा गुणांचा फरक!

तिरकी चाल

+१. यात आणखी दोन चुका घाला.

पहिली: एकदा लावलेला डॉमिनो हलवायचा नाही. 'पट्टे नीट दिसावेत म्हणून जरा सरकवतो' म्हणत अख्खं राज्य सरकवलं तर हरकत नाही, पण डॉमिनोंची एकमेकांतली जागा बदलता कामा नये.

दुसरी: आधी लावायचा, मग निवडायचा. बरेच जण उलट करतात. आधी राजा ठेवतात आणि हातातला डॉमिनो 'बघू नंतर' म्हणून बाजूला. एकट्यापुरतं पाहिलं तर फरक नाही, कारण दोन्ही डॉमिनो समोर उघडेच असतात. पण तुमचा डॉमिनो न लागल्याने पुढच्याला तुमचं राज्य अर्धवट दिसतं. तुम्हाला पाणी हवंय की जंगल हे त्याला कळत नाही, आणि तुम्ही सगळ्यांच्या निवडी बघून जागा ठरवता. तो फायदा नियमात नाही.

गणोबा

या खेळात नशीब किती आणि अक्कल किती हा वाद नेहमीचा. माझ्या मते डॉमिनोंची वाटणी पाठ नसेल तर नशीबच जास्त. म्हणून वाटणी देतो:

गहू: २६ घरं, ५ मुकुट (पाच घरांवर एकेक).
जंगल: २२ घरं, ६ मुकुट (सगळे एकेक).
पाणी: १८ घरं, ६ मुकुट (सगळे एकेक).
कुरण: १४ घरं, ६ मुकुट (दोन घरांवर एकेक, दोनवर दोन-दोन).
दलदल: १० घरं, ६ मुकुट (कुरणासारखेच).
खाण: ६ घरं, १० मुकुट (एक रिकामं, एकावर एक, तिघांवर दोन-दोन, एकावर तीन).

बेरीज ९६ घरं, ३९ मुकुट. आता आकडे पाहा, कारण ते बिनकामाचे छापलेले नाहीत. १ ते १२ म्हणजे दोन्ही घरं एकाच जमिनीची, मुकुट नाही: १-२ गहू, ३ ते ६ जंगल, ७ ते ९ पाणी, १०-११ कुरण, १२ दलदल. १३ ते १८ दोन वेगळ्या जमिनी, बिनमुकुटाच्या. १९ ते २३ वर गव्हाचे पाचही मुकुट. २४ ते २९ वर जंगलाचे सहाही. ३० ते ३५ वर पाण्याचे सहाही. ३६ पासून पुढे कुरण, दलदल आणि खाण यांचे मुकुट. ४८ म्हणजे गहू आणि तीन मुकुटांची खाण.

खाणीची सहा घरं सहा वेगवेगळ्या डॉमिनोंवर आहेत: २३, ४०, ४५, ४६, ४७, ४८. दोन्ही घरं खाण असलेला डॉमिनो नाहीच. म्हणजे खाणीचा पट्टा एकेक घराने, आणि जवळजवळ दरवेळी सगळ्यात मागचा क्रम पत्करून वाढवावा लागतो.

तिरकी चाल

@गणोबा, वाटणी झकास, पण पाठांतराशिवाय नशीबच हे पटत नाही. चौघांत सगळे ४८ बाहेर येतात, तिथे लक्षात ठेवण्याचा फायदा आहे. दोघांच्या साध्या डावात निम्मे डॉमिनो पेटीतच राहतात. ४८ नंबर येण्याची शक्यता निम्मी, तिघांत पाऊण. तिथे 'येईलच' म्हणून खाणीची वाट बघणारा फसतो.

गणोबा

तेच तर म्हणतोय! किती जण खेळतायत त्यावरून वाट बघायची की नाही हे ठरवा. चौघांत शेवटची रांग उघडण्याआधीच तिच्यात कुठले चार आहेत हे सांगता येतं, जर कोणी लक्ष ठेवलं असेल तर. सगळे ४८ लक्षात ठेवायची गरज नाही. आपल्या मोठ्या पट्ट्याचे मुकुट किती बाहेर आले एवढंच मोजा. गव्हाचे पाचच आहेत. चार गेले आणि तुमच्या सात घरांच्या गव्हावर एकही नाही, तर त्या गव्हावर आणखी घरं लावत बसण्यात अर्थ नाही.

सोंगटी

गुणांच्या वाढीचं एक सोपं सूत्र लिहून ठेवते. पट्ट्यात न घरं आणि म मुकुट असतील तर:

बिनमुकुटाचं एक घर जोडलं की म गुण वाढतात.
एका मुकुटाचं घर जोडलं की न + म + १ गुण वाढतात.

पाच घरं, एक मुकुट असलेल्या पाण्याला साधं घर जोडलं तर फक्त १ गुण. मुकुटवालं जोडलं तर ५ + १ + १ = ७. म्हणून पट्टा आधी साधा वाढवायचा आणि मुकुट मागाहून आणायचे, हे उलट्यापेक्षा बरं. साधे जोडडॉमिनो (३ ते ९) आकड्याने लहान, त्यामुळे ते घेऊन क्रमही पुढचा मिळतो. त्यात ३२ ते ३५ या चारही डॉमिनोंवर मुकुटाचं पाणी आणि साधं जंगल असं जोडीने आहे. सुरुवातीला पाणी-जंगल शेजारी शेजारी वाढवलं की हे चार दोन्हीकडे बसतात.

एक पाळी जवळून पाहू. तुमच्याकडे पाण्याची ५ घरं, १ मुकुट. जंगलाची ३ घरं, मुकुट नाही. रांगेत आलेत ८ (पाणी-पाणी), २४ (मुकुटाचं जंगल आणि गहू), ३५ (मुकुटाचं पाणी आणि जंगल), ४४ (कुरण आणि दोन मुकुटांची दलदल). निवडायला तुम्ही पहिले.

८ घेतला: पाणी ७ × १ = ७, वाढ २.
२४ घेतला: जंगल ४ × १ = ४, वाढ ४.
३५ घेतला: पाणी ६ × २ = १२, वाढ ७. त्याचं दुसरं घर जंगलाला टेकवता आलं तर जंगल चार घरांचं, आत्ता शून्य पण पुढे कामाचं.
४४ घेतला: दलदल १ × २ = २, वाढ २.

आठ घेतला तर पुढच्या रांगेत पहिली निवड, पण ती रांग अजून उघडलेली नाही. हातातले पाच गुण सोडून न पाहिलेल्या रांगेचा पहिला हक्क घ्यायचा का? इथे नाही, ३५ घ्यावा. हीच रांग पहिल्या-दुसऱ्या फेरीत आली असती, पाणी दोनच घरांचं असतं, तर फरक इतका राहिला नसता आणि मी ८ कडे वळले असते.

अडीच घरं

त्यात एक भर. शेजाऱ्याचं राज्य पण बघा. ३५ दुसऱ्या कोणाला सात-आठ गुण देणार असेल तर तो न सोडण्याचं कारण दुप्पट होतं. पण निव्वळ दुसऱ्याचा खेळ बिघडवायला स्वतःला नको असलेला डॉमिनो उचलणं चौघांत परवडत नाही. एकाचं नुकसान होतं, बाकी दोघं फुकटात पुढे जातात. दोघांत मात्र बिनदिक्कत करा.

आणि शेवटच्या रांगेतून निवडताना आकडा विसरा. पुढे क्रमच नाही, त्यामुळे फक्त गुण बघायचे. सवयीने लहान आकडा उचलणारे पुष्कळ दिसतात.

लिंबूटिंबू

माझं राज्य कधीच पूर्ण पाच बाय पाच होत नाही. शेवटी एक-दोन घरं रिकामी राहतात आणि डॉमिनो बाद होतात. चुकतंय कुठे?

गणोबा

वा, आवडीचा प्रश्न. यात गणित लपलंय.

पाच बाय पाचचा चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंगवा, कोपरे काळे. काळी घरं १३, पांढरी १२. प्रत्येक डॉमिनो कसाही लावला तरी एक काळं आणि एक पांढरं घर झाकतो. बारा डॉमिनो म्हणजे १२ काळी, १२ पांढरी. म्हणजे गढी काळ्या घरावरच हवी. ती पांढऱ्या घरावर आली तर १३ काळी आणि ११ पांढरी उरतात आणि कितीही डोकं लावलं तरी अकराच डॉमिनो बसतात. एक बाद होणारच.

गढीच्या चालणाऱ्या जागा: मधोमध, चार कोपरे, चार कडांचे मध्य, आणि मधल्या घराला कोपऱ्याने लागलेली चार घरं. मधल्या घराला कडेने लागलेली जागा नाही चालत. कोपऱ्याच्या लगतची कडेवरची जागाही नाही. म्हणजे डावीकडे एक घर मोकळं आणि उजवीकडे तीन अशी गढी आडव्यात बसली, तर उभ्यातही ती एक-तीनच बसली पाहिजे. आडव्यात दोन-दोन असेल तर उभ्यात दोन-दोन किंवा शून्य-चार. आडव्यात शून्य-चार असेल तर उभ्यात शून्य-चार किंवा दोन-दोन.

तिरकी चाल

हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. गढीची जागा नकळत ठरते तिसऱ्या-चौथ्या डॉमिनोला, तेव्हाच हे बघायला हवं.

गणोबा

बरोबर. पाच घरांची रुंदी भरली की आडवी जागा पक्की होते. म्हणून दोन्ही दिशांना पाच-पाच घरं लवकर भरू नका. एक दिशा मोकळी ठेवा. तेवढी एक दिशा चुका सावरून घेते.

दुसरं कारण भोकं. चारी बाजूंनी बंद झालेलं एकटं घर मेलं. तीन सलग रिकामी घरं राहिली तरी एक मरणारच. रिकाम्या जागेचे तुकडे सम संख्येत ठेवायचे. त्यातही तुकड्याच्या कडांना एकाच प्रकारची जमीन असेल तर तिथे फक्त तोच प्रकार बसतो. कडांना दोन-तीन प्रकार ठेवले की शेवटच्या दोन फेऱ्यांत काहीही आलं तरी खपतं. लिंबूटिंबू, तुमचं बहुधा इथेच अडतंय: सगळं पाणी एका बाजूला, सगळं जंगल एका बाजूला, दिसायला सुरेख, आणि शेवटी आलेल्या कुरणाला दारच नाही.

अडीच घरं

आणि भोक राहिलं म्हणून फार हळहळू नका. शेवटचा बाद झालेला डॉमिनो गहू-गहूचा असेल आणि गव्हावर मुकुटच नसेल तर गेलं काय? शून्य. पूर्ण चौकोनाला मूळ नियमांत गुण नाहीत. ते हवे असतील तर पुस्तिकेतला वेगळा प्रकार आहे: एकही डॉमिनो बाद न होता राज्य पूर्ण झालं तर ५ गुण जास्त. आणखी एक आहे, गढी बरोबर मधोमध आली तर १० गुण. दोन्ही एकदम लावले तर पंधरा गुणांसाठी सगळे मधोमध गढी ठेवूनच खेळायला लागतात आणि सगळ्यांची राज्यं सारखीच दिसू लागतात. मला तरी दहावाला प्रकार जरा जडच वाटतो.

पट मांडा

मुलांबरोबर खेळणाऱ्यांसाठी थोडं. पेटीवर ८+ लिहिलंय ते मुख्यतः गुणाकारामुळे. सहा-सात वर्षांच्या मुलांना जमीन जुळवणं लगेच जमतं. मोजणीला त्यांना गुणाकार सांगायचा नाही. प्रत्येक मुकुटासाठी पट्ट्यातली सगळी घरं एकदा बोटाने मोजायची. मुकुट तीन, तर तीनदा. बेरीज आपोआप येते.

त्यांना लिंबूटिंबू (धाग्यावरचे नव्हेत!) म्हणून पाचाची मर्यादा माफ करू नये. मर्यादा काढली की खेळच उरत नाही, नुसतं चिकटवणं होतं. त्यापेक्षा सुरुवातीच्या घराभोवती कागदावर पाच बाय पाचचा मोकळा चौकोन आखून द्या आणि गढी मधोमध ठेवा. त्यांना हद्द दिसते आणि गणोबांचं काळं-पांढरंही आपोआप सुटतं.

हाताळणीतल्या अडचणी:
दलदल आणि खाण दोन्ही गडद आहेत. मंद दिव्यात गफलत होते. खाणीच्या घरात खडकाचं काळं तोंड दिसतं, ते ओळखायला शिकवा.
पुठ्ठ्याच्या गढ्या दिसायला छान, पण शेजारी डॉमिनो लावताना हात लागून कलंडतात आणि मुकुट झाकतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर काढून ठेवल्या तरी नियमाला काही होत नाही.
गठ्ठा आकड्याच्या बाजूने वर ठेवला की वरच्या डॉमिनोचा आकडा सगळ्यांना दिसतो. वर ४७ दिसला की पुढची रांग भारी असणार हे कळतं आणि क्रमाचा सौदा बदलतो. हे नको असेल तर गठ्ठ्यावर पेटीचं झाकण ठेवा, किंवा सगळे डॉमिनो कापडी पिशवीत घालून तिच्यातून काढा. पिशवीने पिसायचं कामही वाचतं.
प्रत्येकासमोर पाच घरं एका दिशेला आणि पाच दुसऱ्या दिशेला वाढायला जागा हवी. राज्य कुठल्या बाजूला सरकेल सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीचं घर टेबलाच्या कडेला ठेवू नका. नाहीतर चौथ्या डॉमिनोला अख्खं राज्य उचलून सरकवावं लागतं.

लिंबूटिंबू

माझ्या नावावरून कोटी झाली म्हणजे धाग्यात मान मिळाला म्हणायचा. :)

दोघांसाठी कसा आहे? घरात बहुतेक वेळा दोघंच असतो.

तिरकी चाल

दोघांसाठी उत्तम, चौघांपेक्षा जास्त डोकं चालतं. प्रत्येकाचे दोन राजे असल्याने एका रांगेत तुम्हाला दोन निवडी. त्या लागोपाठ मिळाल्या तर एकमेकांना जुळणारे दोन डॉमिनो उचलता येतात. एक राजा अगदी वर आणि एक अगदी खाली ठेवला, तर पुढच्या रांगेत पहिली निवड तुमची आणि उरलेला शेवटचाही तुमचाच. तोवर मधले दोन समोरचा नेतो. मधले दोन तुम्ही घेतलेत तर उलट. रांगेत दोन चांगले आणि दोन टाकाऊ असे किती वेळा येतात हे बघत राहिलं की कधी काय करायचं ते कळतं.

सहाच फेऱ्या होतात, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांतच पट्टे ठरवावे लागतात. चौघांत आणखी दोन-तीन फेऱ्या वाट बघायला मुभा असते.

आणि पुस्तिकेत फक्त दोघांसाठीचा मोठा डाव आहे तो जरूर खेळा: सगळे ४८ डॉमिनो, प्रत्येकी २४, राज्य सात बाय सातचं. २४ डॉमिनोंची ४८ घरं अधिक गढी म्हणजे ४९, इथेही हिशेब चोख.

सोंगटी

सात बाय सातमध्ये खाणीचं गणित बदलतं हेही सांगा कोणीतरी. सगळे डॉमिनो येणार हे नक्की, त्यामुळे ४६, ४७, ४८ ची वाट बघता येते. तिन्हींच्या खाणी एकत्र आल्या तर ३ घरं × ७ मुकुट = २१. वर ४६-४७ ची दुसरी घरं दलदलीची, ती दलदलीच्या पट्ट्याला लागली तर दुहेरी फायदा.

गणोबा

हो, पण समोरच्यालाही हे माहीत असतं, मग तो त्यातला एक तरी उचलून तुमच्या खाणीचे तुकडे करतो. सहाही घरं एकत्र आली तर ६ × १० = ६०, हे वाचून लोक खाणीच्या मागे लागतात. तितकं कोणी कोणाला मिळू देत नाही. खाण म्हणजे दोन किंवा तीन घरांची जोडकमाई समजा आणि तिला जागा राखताना एकटं भोक ठेवू नका. खाणीच्या शेजारी गव्हाची कड ठेवा, कारण ४०, ४५, ४८ आणि २३ या चारही डॉमिनोंचं दुसरं घर गहू आहे. गव्हाच्या बाजूने लावून खाण हवी तिथे वळवता येते.

लिंबूटिंबू

शेवटचं: बरोबरी झाली तर? काल दोघांचेही ४३.

अडीच घरं

ज्याचा सगळ्यात मोठा सलग पट्टा जास्त घरांचा, तो जिंकला. इथे पट्ट्यावर मुकुट असलाच पाहिजे असं नाही, त्यामुळे तो बिनमुकुटाचा गहू अखेर कामी येतो.

बरोबरीवरून भांडण होत असेल तर लागोपाठ तीन डाव खेळून तिन्हींचे गुण मिळवा, पुस्तिकेत तोही प्रकार आहे. गुण मात्र दर डावानंतर जमिनीच्या प्रकाराप्रमाणे सहा रकाने करून लिहा. तोंडी बेरजेत दोन वेगळे पट्टे एकत्र धरण्याची चूक तिथेच पकडली जाते.

पट मांडा

पाच जणांसाठी काही आहे का असं कोणी विचारण्याआधीच सांगते: मूळ पेटीत नाही. 'एज ऑफ जायंट्स' ही पुरवणी घेतली तर पाच जण खेळू शकतात. पुरवणी नसेल तर लहान मुलाला मोठ्याच्या जोडीला बसवा. राजा मुलाने ठेवायचा, डॉमिनो मोठ्याने लावायचा.